कोल्हापूर ते धुलिखेल: पीएच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी रोटेशनचा वृत्तांत

बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंटच्या (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा सहाय्यक) इंटर्नशिपमध्ये बाहेरच्या देशात रोटेशन, म्हणजे काही आठवडे तिथल्या हॉस्पिटलात शिकणं, करता येतं का, असं ज्युनियर सारखं विचारतात. येतं. पण ‘बाहेर’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिका. मी नेपाळला, धुलिखेलच्या हॉस्पिटलात गेले होते हे कळलं की निम्म्यांचे चेहरे उतरतात. म्हणून आधी अमेरिकेचा विषय मिटवते.

पीए हा पेशा मूळ तिकडचा. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात पहिली बॅच सुरू झाली. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये. पण अमेरिकेत पीए म्हणून काम करायचं तर ‘पॅन्स’ ही तिथली राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेला बसायला एआरसी-पीए या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या तिथल्याच कोर्समधून पास व्हावं लागतं. आपली डिग्री आणि वर महिन्याभराची ऑब्झर्व्हरशिप (नुसतं उभं राहून बघणं), याला तिथं कुणी विचारत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका करिअर कन्सल्टंटनं मला ‘यूएस क्लिनिकल एक्स्पिरियन्स’चं लाखांतलं पॅकेज दाखवलं होतं. ते एमबीबीएस करून तिकडे रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण) मागे असलेल्यांसाठी असतं, आपल्याला काडीचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४ पासून पीएंची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) आली खरी, पण पीएंनी काय करावं यावरूनच तिथं वाद पेटलाय. तिथल्या सरकारनं पीएंच्या कामाचा आढावा घ्यायला सांगितला होता, त्या २०२५ च्या लेंग अहवालानं तर ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर, निदान न झालेला पेशंट पीएनं पहिल्यांदा बघू नये, अशी शिफारस केली. थोडक्यात, नोकरी डोक्यात ठेवून रोटेशनचे पैसे भरू नका.

मग जायचं कशाला? इथं इंटर्नशिपमध्ये आपण प्री-ऑप हिस्टरी घेतो, ओटीत रिट्रॅक्टर धरतो, डिस्चार्ज समरी लिहितो. सर हाकेच्या अंतरावर असतातच. सर नसताना आपल्यासारखा माणूस काय करतो, हे मला बघायचं होतं. नेपाळात ते दिसतं. तिथले हेल्थ असिस्टंट, म्हणजे ‘एचए’, दहावीनंतर तीन वर्षांचा कोर्स करतात आणि डोंगरातल्या हेल्थ पोस्टवर ओपीडी चालवतात, प्रिस्क्रिप्शनसुद्धा लिहितात.

धुलिखेल हॉस्पिटल काठमांडूच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, दीड हजार मीटर उंचीवर आहे. १९९६ मध्ये सुरू झालं, काठमांडू विद्यापीठाशी जोडलेलं आहे, आसपासच्या डोंगरी जिल्ह्यांत त्यांची आउटरीच सेंटर्स आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ते इलेक्टिव्हला (आपण निवडलेलं रोटेशन) घेतात. वॉर्ड पाहाच, पण खरी मजा सेंटरवर.

एका सकाळी साठीच्या एक बाई मुलाच्या आधारानं आल्या. ‘सास फेर्न गाह्रो’ (श्वास घ्यायला त्रास) एवढंच बोलल्या, वाक्य पुरं करायला दम नव्हता. एचए दाईंनी (वयानं मोठ्या माणसाला सगळे दाइच म्हणतात) पाठीवर हात ठेवून श्वास मोजले, ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८२ टक्के. ‘आमा, चुलो कति वर्ष?’ लग्न झाल्यापासून बंद खोलीत लाकडाची चूल, विडी कधी ओढलेली नाही. नेब्युलायझर लावला. ऑक्सिजन दोन लिटरवर ठेवला आणि मला म्हणाले, ८८ ते ९२ आलं की पुरे, सीओपीडीत (धुरानं वगैरे होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) याहून जास्तीच्या मागे लागायचं नाही. हे पुस्तकात मीही वाचलेलं. जे वाचलेलं नव्हतं ते पुढं: धुलिखेलच्या डॉक्टरांना फोन लावायच्या आधी त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, जीपचं भाडं आहे का, आणि घरी म्हशीचं कोण बघणार. पेशंट खाली धुलिखेलला जाणार की नाही हे त्या उत्तरावर ठरतं, म्हणाले. आपल्या हिस्टरीच्या फॉरमॅटमध्ये हा रकानाच नाही.

आता कामाचं. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र हवं. आपल्या वयाला आधारवर भागत नाही. पासपोर्ट काढूनच टाका, कोल्हापुरातच पोस्टातल्या सेवा केंद्रात काम होतं. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि पुढं विमान. पैसे वाचवायचे असतील तर रेल्वेनं गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा आणि मग बस. पण त्या बसप्रवासात कंबरडं मोडतं. काठमांडूत पुरानो बसपार्कवरून धुलिखेलच्या बस सुटतात.

परवानगीचं आधी कॉलेजकडून लेखी घ्या: हे आठवडे इंटर्नशिपमध्ये धरणार का आणि लॉगबुकवर कुणाची सही चालणार. तोंडी ‘हो बघू’वर तिकीट काढू नका. तिकडच्या हॉस्पिटलकडूनही लिहून घ्या, की तुम्ही फक्त बघणार की देखरेखीखाली हात लावू शकणार. पेशंटला हात लावायची मुभा नसेल तर नसेल; परक्या देशात हौसेनं टाके घालायला जाऊ नये, कुणी घालू दिले तरी. हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण असल्याचा कागद मागतात, टायफॉइडची लसही घेऊन जा.

तिथं कागदोपत्री विक्रम संवत चालतं, इंग्रजी सालापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढं. केसपेपरवर २०८० च्या पुढचं साल बघून दचकू नका, पण लॉगबुक आणि सर्टिफिकेटवर इंग्रजी तारीखच घालून घ्या, नाहीतर इथला क्लार्क परत पाठवेल. मी होते तेव्हा आठवड्याची सुटी शनिवारी असायची आणि रविवारी ओपीडी भरून वाहायची. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच आहे. बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं, डोंगरात मात्र रोख लागते.

पावसाळा टाळा, दरडी कोसळून रस्ते बंद होतात आणि सेंटरवर जाणंच रद्द होतं. दसैं-तिहारमध्ये (आपला दसरा-दिवाळी) निम्मा स्टाफ गावी असतो. तिहारनंतर किंवा फेब्रुवारी ते एप्रिल बरं.

जेवण दोन वेळा डाळ-भात, सकाळचं दहाच्या सुमाराला. तिखट खाणाऱ्यांनी कांदा-लसूण मसाल्याची पुडी न्यावी. टिमुर घातलेली टोमॅटोची चटणी मात्र झकास, आपल्या तिरफळाच्या जवळची चव. दाईंना माझा मसाला इतका आवडला की परत निघाले तेव्हा बरणी तिथंच राहिली.