गुहागरच्या किनाऱ्यावर ४८ तास

उंब्रजला हमरस्ता सोडून पाटणच्या वाटेला लागलो आणि टपावर बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या खडखडायला लागल्या. कोयनानगरच्या अलीकडे गाडी थांबवून दोर पुन्हा आवळले. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "मांडव घालायला निघालाय का?" वसुबारस चार दिवसांवर होती, दोन गाड्यांवर नळ्या, दोर आणि वायरीची वेटोळी होती, त्यामुळे त्याचा अंदाज अगदी रास्त होता. आमच्या क्लबमधल्या सरांनी त्याला सांगितलं की आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवणारे आहोत, गुहागरला समुद्राकाठी बसून ४८ तास जगाशी बोलायचंय. त्यावर तो म्हणाला, "मग मोबाइलवरून नाही का बोलता येत?"

माझ्यापुरतं ह्याचं उत्तर कुंभार्ली घाट उतरला की लागतं. चिपळूणला माझी मावशी राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले. पुण्यात बसून आम्ही दोन दिवस फोन लावत होतो. मावशी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होती, पण हे एवढं एक वाक्य आमच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांनंतर मी हौशी रेडिओच्या परीक्षेचं पुस्तक आणलं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते, परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. मी चाळिशीत दिली.

ह्या खेपेला मावशीकडे जेवायला थांबलो. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे, रंग देताना तिने मुद्दाम तेवढी रेघ ठेवली आहे. निघताना तिने फराळाचा मोठा डबा गाडीत ठेवला आणि म्हणाली, "रविवारी येते बघायला, तुमचं काय चालतं ते."

मग मार्गताम्हाने, शृंगारतळी आणि गुहागर. व्याडेश्वराला नमस्कार करून वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

आता आम्ही काय करायला आलो होतो ते सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइड नावाची स्पर्धा असते, आवाजावरची. मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांची वेगळी, ती नोव्हेंबरात. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायचा, प्रत्येकाला सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन क्रमांक द्यायचा, त्याचा घ्यायचा, बिनचूक लिहायचा. जगाचे ४० झोन केले आहेत, आपण २२ व्यात. दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, आपल्याच देशातल्या स्टेशनला शून्य. म्हणजे जपानी स्टेशनं सकाळी ढिगाने मिळतात, पण गुण एकेकच. दिवस उजाडल्यावर युरोप आणि आफ्रिका मिळवायची तर दुपारपर्यंत दम धरावा लागतो. बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, ४० मीटर, १० मीटर अशी त्यांची नावं. एकूण गुणांना प्रत्येक बँडवरचे देश आणि झोन मिळून जो आकडा येतो, म्हणजे मल्टिप्लायर, त्याने गुणायचं. म्हणून एखादं नवं, दुर्मीळ स्टेशन कधी कधी कित्येक सोप्या संपर्कांना भारी पडतं.

चुकीचा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव, लिहिलात तर तो संपर्क जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. हे वाक्य लक्षात ठेवा, आमची ही सगळी सहल त्याभोवती फिरली.

गुहागर निवडलं ते समुद्रासाठी. उभा अँटेना खाऱ्या पाण्याच्या अगदी जवळ लावला की लहरी क्षितिजालगत, खालच्या कोनातून निघतात आणि लांब पोचतात. तोच अँटेना पुण्यात गच्चीवर लावून बघा, इमारती आणि कोरडी जमीन त्याचा अर्धा जीव घेतात. इथे पश्चिमेला मोकळा अरबी समुद्र होता. ४० मीटरच्या बँडसाठी दहा मीटर उंचीचा उभा अँटेना वाडीच्या कुंपणाशी, सुरूच्या झाडांच्या पुढे उभा केला. वरच्या, म्हणजे कमी मीटरच्या बँडांसाठी हेक्सबीम, म्हणजे उलट्या छत्रीसारखा दिसणारा, फिरवता येणारा अँटेना. तो कोथरूडच्या एका गच्चीवर आम्हीच चार महिन्यांत बनवला होता.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. गेल्या वर्षी वाऱ्याने अँटेनाला धरणारे ताण सैल झाले होते. ह्या वर्षी सिमेंटची रिकामी पोती आणली, वाळूने भरली आणि तीन फुटांवर पुरून त्यांना ताणांचे दोर बांधले. हेक्सबीमची नळी उभी करायला आधार कमी पडत होता. वाडीचे मालक, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, बराच वेळ नुसते बघत उभे होते. मग आत गेले आणि जुन्या पोफळीचा सरळसोट सोट खांद्यावर घेऊन आले. "हा पुरा आधी, मग तुमची नळी त्याला बांधा." शुक्रवारी दुपारी हेक्सबीम वर गेला. किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. मोसम सुरू व्हायचा होता, तरी भाऊंनी समुद्राच्या बाजूला दिवा लावायचा नाही असं बजावलं. आम्ही ते पाळलं.

गुरुवारी रात्री दाना चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. जेवताना मोबाइलवर बातम्या बघत होतो. सर पूर्वी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. ते फार बोलत नाहीत, पण त्या रात्री त्यांनी धाकटीला अंदमानची हकीकत सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते. तिथून हौशी रेडिओ बरीच वर्षं बंद होता, जगभरच्या हॅम लोकांना तो दुर्मीळ संपर्क हवा होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. हौसेसाठी लावलेली तीच यंत्रं, त्याच माणसांनी, मुख्य भूमीवर निरोप पोचवायला वापरली. "अँटेना लावलेला होता, आणि बसणाऱ्यांना गर्दीतून एक आवाज वेगळा काढायची सवय होती," सर म्हणाले आणि झोपायला गेले.

धाकटी म्हणजे आमच्यातली सर्वांत लहान, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवाना मिळून तिला सहाच महिने झाले होते.

शनिवारी पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी पडवीत सगळे श्वास रोखून उभे होते. मग अर्ध्या मिनिटात ४० मीटरचा बँड असा काही भरला की यात्रेच्या मैदानात उभं असल्यासारखं वाटलं. युरोपात तेव्हा रात्र असते, तिकडचे सिग्नल दणदणीत येतात. "फाइव्ह नाइन ट्वेंटी टू", म्हणजे सिग्नलचा रिपोर्ट ५९ आणि आपला झोन २२, हे शब्द मी पहिल्या तासात किती वेळा म्हटले ते लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदच सांगेल. सूर्य डोंगरावर आला तसा ४० मंदावला, मग १५ आणि १० मीटरवर जपान, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया.

ह्या वर्षी १० मीटरवर सगळ्यांचा डोळा होता. सौरचक्र शिखराच्या काळात पोचल्याचं नासा आणि नोआ ह्या अमेरिकी संस्थांनी १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर केलं होतं. सूर्य इतका तापला की आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, वरच्या फ्रिक्वेन्सीही परतवून लावतो, आणि १० मीटरवर कमी ताकदीतही जग मिळतं. आमच्याकडे १०० वॅट होते. साडेबारानंतर युरोप उघडला, आणि संध्याकाळी हेक्सबीम उत्तर-वायव्येला वळवल्यावर अमेरिकेचा पूर्व किनारा आला. इथून अमेरिकेची वाट ध्रुवाच्या जवळून जाते, एरवी फार अवघड. त्या तासात आमचे १३१ संपर्क झाले. क्लबच्या इतिहासात एका तासात शंभरी ह्याआधी कधी ओलांडली नव्हती. माइकजवळ चकली खायला बंदी होती, ती त्या तासात कुणाला आठवावीही लागली नाही, कारण डब्याकडे कुणी वळलंच नाही.

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते रात्रीचं आहे.

गेल्या वर्षीचा आमचा लॉग तपासून आला तेव्हा त्यात चुकांची यादी होती. बहुतेक चुका रात्री दोन ते चार मधल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या पाळीतल्या. बी ऐवजी डी, फाइव्ह ऐवजी नाइन. मला तो अहवाल फार लागला. कारण समोरच्या माणसाने आपला वेळ देऊन संपर्क केलेला असतो आणि मी घाईने त्याचं नावच चुकीचं लिहिलेलं असतं. म्हणून ह्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. एका रेडिओवर दोघं, दोघांच्या कानाला हेडफोन. एक बोलतो, दुसरा टाइप करतो, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय संपर्क लॉगमध्ये जात नाही. पाळी दोन तासांची, त्यापुढे कितीही हुरूप असला तरी उठायचं.

शनिवारची रात्र उलटून रविवारी पहाटे दोनच्या सुमाराला माझी आणि धाकटीची पाळी होती. ४० मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा आकडा, अचानक तीनच्या वर गेला. रेडिओने ताकद आपोआप कमी केली, समोरचे आम्हाला ऐकेनात. धाकटीने सरांना उठवून बरोबर बसवलं आणि २० मीटरवर काम चालू ठेवलं. मी बॅटरी हातात झाकून कुंपणापर्यंत केबल चाचपत गेलो. दोन केबलींचा जोड वाळूवर होता, त्यावर टेप नव्हती. खारं दव आत शिरलं होतं. तो जोड मीच शुक्रवारी केला होता, आणि टेप नंतर लावू म्हणून विसरलो होतो. उघडला, पुसला, स्टोव्हच्या उबेवर सुकवला, टेप गुंडाळली, काठीवर वर टांगला. पूर्वेला चंद्राची कोर नुकतीच वर आली होती आणि लाटांचा आवाज अगदी जवळून येत होता. पस्तीस मिनिटं गेली.

परत आलो तर ती ४० वर आली आणि दहा मिनिटांत एक स्टेशन ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे लाटांच्या आवाजासारख्या खरखरीत काहीतरी हललं. वर इटलीची दोन तगडी स्टेशनं हाका मारत होती. मी म्हणालो, आधी त्यांना घे. तिने मान हलवली. बाकीच्यांना थांबायला सांगून तिने त्या एकालाच पुन्हा विचारलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा "टँगो फॉक्सट्रॉट", म्हणजे टी आणि एफ, माझ्या कानावर आलं. आइसलँड. शेवटची अक्षरं मला एक वाटत होती, तिला दुसरी. चौथ्यांदा विचारलं. तिचं बरोबर होतं. झोन ४०, त्या बँडवर नवा देश आणि नवा झोन, एका संपर्कात दोन मल्टिप्लायर. इटलीवाले तोवर थांबले होते, दोघेही मिळाले.

मी पंचवीस वर्षं ऑफिसात माणसांशी बोलतो आहे. कुणाचं इतक्या निश्चयाने ऐकलं असेल असं मला आठवत नाही.

रविवारी दुपारी मावशी एसटीने आली. नियमाप्रमाणे तिला माइकवर बोलता येणार नव्हतं, म्हणून तिला तिसरा हेडफोन दिला. पाच मिनिटं ती चेहऱ्यावर काहीही न दाखवता ऐकत राहिली. तेवढ्यात १५ मीटरवर "थ्री बी एट" आलं, मॉरिशस. "फाइव्ह नाइन थर्टी नाइन", आम्ही आमचा रिपोर्ट दिला, आभार, आणि संपलं. सहा-सात सेकंद. मी तिला सांगितलं की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची कितीतरी माणसं उसाच्या मळ्यांवर कामाला गेली ती ह्याच बेटावर, आणि त्यांच्यापैकी काही घरांतून मराठी आजही बोलली जाते. तिने हेडफोन तसाच ठेवला. "ती माणसं गेल्यावर घरच्यांना कधी कळलं असेल, पोचले म्हणून?" तिने विचारलं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पुढचं स्टेशन दक्षिण आफ्रिकेचं होतं.

सोमवारी पहाटे शेवटचा संपर्क पोलंडचा, साडेपाचला काही सेकंद कमी असताना. लॉगमध्ये १,९८६ संपर्क. गेल्या वर्षी आम्ही ११०० च्या आसपास थांबलो होतो. निकाल काही महिन्यांनी येतील आणि त्यात आमचा क्रमांक कितवा ते कळेल, पण मी आधी चुकांची यादी उघडणार आहे. लॉगची फाइल वाडीतूनच पाठवली. सरांनी सगळ्यांना रेडिओच्या भाषेत सेव्हन थ्री म्हटलं, म्हणजे शुभेच्छा, आणि जनरेटर बंद केला. दोन दिवसांत पहिल्यांदा नुसता समुद्र ऐकू आला.

वसुबारस होती. भाऊंच्या घरी गाय-वासराची पूजा चालली होती, वहिनींनी आम्हालाही बोलावून घेतलं. मग आवराआवर. हेक्सबीम उतरला, पोती उकरली, खड्डे बुजवले, वाळूवर वायरीचा तुकडाही राहू नये म्हणून दोनदा फिरलो. शेवटी पोफळीचा सोट उपटायला दोघं वाकलो, तेव्हा भाऊ पडवीतून ओरडले, "तो राहू दे. पुढच्या वर्षी परत कोण पुरत बसणार?"