दोन मिनिटं चोवीस सेकंद

"मारिओ जोरात पळतोय," अशी तक्रार घेऊन कुणी दुकानात येईल असं कधी वाटलं नव्हतं. आवाज येतो चित्र नाही, चित्र येतं आवाज नाही, पोरानं पॅनेलवर चेंडू मारला, कुत्र्यानं रिमोट चावला, हे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात रोजचं. पण या गृहस्थांनी काउंटरवर टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा छोटासा करडा डबा ठेवला आणि म्हणाले, "चालतोय झकास. फक्त जोरात पळतोय. जरा हळू करून द्या."

वय पंचेचाळीसच्या पुढं. हाताच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. उद्यमनगरात स्वतःचे दोन लेथ आहेत, हे नंतर बोलताबोलता कळलं. म्हणून इथं त्यांना मिस्त्री म्हणतो. सोबत पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा, मोबाईलमध्ये डोकं घातलेला. मान वर न करता तो म्हणाला, "मशीन बरोबर आहे ओ. पप्पांचं वय झालंय, एवढंच."

डबा ऑनलाइन मागवलेला, ६२० गेम आत भरूनच येतात, त्यातला. कॅसेट घालायला खाचच नाही. मिस्त्रींनी हौसेनं घेतला आणि मारिओच्या पहिल्याच लेव्हलच्या पहिल्याच खड्ड्यात पडायला लागले, जो खड्डा ते लहानपणी डोळे झाकून पार करायचे.

"उडी मारली की तो हवेत जरा रेंगाळायचा बघा," हातानं कमान काढून ते दाखवत होते. "आता धाडकन खाली येतोय. आणि गाणं बी पळतंय." पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, मामा, याला नॉस्टॅल्जिया म्हणतात. पुण्याच्या माणसाला दुखण्याचं नाव सापडलं की औषध झालं असं वाटतं. शेजारच्या मोबाईलवाल्या पोरानं मागूनच सल्ला दिला, "दादा, सॉफ्टवेअर मारा." त्याचा सगळ्याच रोगांवर हा एक उपाय आहे, दुसरा म्हणजे बोर्ड बदला.

मी हसलो नाही त्याला कारण आहे. लेथवरचा माणूस दिवसभर फिरणाऱ्या लोखंडाचा आवाज ऐकत असतो. बेल्ट घसरला, फेरे कमी झाले, तर बघायच्या आधी त्याच्या कानाला कळतं. असा माणूस वेगाबद्दल काही म्हणत असेल तर आधी मोजावं, मग बोलावं.

शिवाय तो हवेत रेंगाळणारा मारिओ मलाही आठवत होता.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत नव्वदच्या दशकात कुणाकुणाकडं मीडिया कंपनीचा टीव्ही गेम असायचा. ज्याच्याकडं नव्हता त्याला कॅसेट लायब्ररीतून दिवसाच्या भाड्यानं मिळायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघं-पाचजण पैसे काढायचो. मशीन घरी आलं की पहिला अर्धा तास चॅनेल लावण्यात जायचा. टीव्हीच्या पुढच्या झाकणाआडची बारीक चाकं नखानं फिरवत बसायचं. मुंग्या, मुंग्या, मध्येच कुठंतरी निळं आकाश झळकायचं आणि सगळे "थांब, थांब, मागं घे!" म्हणून ओरडायचे. घरातल्या मोठ्यांचं ठाम मत होतं की गेमनं पिक्चर ट्यूब जाते. आज इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर सांगतो, गेममुळं ट्यूब गेलेला एकही टीव्ही माझ्याकडं आलेला नाही. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, हाही एक विधी. फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवल्यामुळं पिना नव्या जागी टेकायच्या, म्हणून चालायची. तोंडातल्या ओलीनं उलट पितळ काळं पडायचं.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की हे सगळे डबे एकाच जपानी मशीनच्या नकला आहेत. निन्टेन्डोनं १९८३ च्या जुलैत जपानमध्ये फॅमिकॉन काढला, १९८५ मध्ये सुपर मारिओ आला, आणि मग तैवान-चीनकडच्या कारखान्यांनी त्याच्या चिपांच्या नकला बनवून निम्म्या जगाला गेम खेळायला लावला. तो माल सरळमार्गी नव्हता, हे खरंच. पण अस्सल मशीन कोल्हापुरात आलं असतं तरी आमच्यापैकी कुणाच्या बापानं ते घेतलं असतं, असं मला वाटत नाही.

तर, तपासणी. टेबलाखाली मी एक चौदा इंची जुना रंगीत टीव्ही जपून ठेवलाय, काचेच्या ट्यूबचा. मिस्त्रींचा डबा त्याला जोडला. चित्र आलं ते काळंपांढरं. मुलगा म्हणाला, "टीव्ही बाद आहे." मी मात्र तिथंच सावध झालो. आपल्याकडची रंगीत पद्धत पाल, सेकंदाला ५० चित्रांची. जपान-अमेरिकेची एनटीएससी, ६० ची. आताचे एलईडी टीव्ही दोन्ही गपगुमान दाखवतात, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही. जुना पाल टीव्ही ६० वालं चित्र कसंबसं धरतो, पण रंग त्याला उमगत नाही. डबा उघडला. चिप अशी दिसतच नाही, सगळं काळ्या डांबरी थेंबाखाली गाडलेलं. शेजारी क्रिस्टल, म्हणजे मशीनचं घड्याळ चालवणारा तुकडा, त्यावर २१.४७७ मेगाहर्ट्झ. हा आकडा एनटीएससीचा.

"तुमचं जुनं मशीन कुठाय?"

"माळ्यावर. कायच्या काय वर्षं बंद हाय."

"ते आणा."

दुसऱ्या दिवशी साखरेच्या पिशवीत गुंडाळून आणलं. आत झुरळांचा संसार होता, तो बाहेर काढला. खाली मला हवं ते दिसलं: दोन लांबलचक चाळीस पायांच्या चिपा, यूए६५२७पी आणि यूए६५३८, आणि त्यांच्याजवळ २६.६०१ चा क्रिस्टल. ५० वालं मशीन. मिस्त्रींचं म्हणणं तिथंच निम्मं सिद्ध झालं होतं, पण मी काही बोललो नाही. आकडा दाखवून पटलेली गोष्ट आणि चालवून पटलेली गोष्ट यात फरक असतो.

मशीन मेलेलं होतं. पाच व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर आतून शॉर्ट, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फुगून वर आलेला. कधीतरी कुणीतरी भलताच अडॅप्टर लावलेला असणार. यातल्या बऱ्याच मशिनींच्या अडॅप्टरची आतली पिन मायनस असते, बाकी जगाच्या उलट, आणि उलटं लावल्यावर वाचवायला पाच पैशांचा डायोड पुष्कळ बोर्डांत घातलेलाच नसतो. या काटकसरीचा राग मला अजून येतो. रेग्युलेटर आणि कपॅसिटर बदलले, करंट बांधून सप्लाय दिला, पाच व्होल्ट आले. चित्र राखाडी. म्हणजे दोष कॅसेटच्या खाचेत. साठ पिनांची ती खाच हा माझा आवडता भाग. टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आधी काळं काढायचं, मग भिंगाखाली सुईनं एकेक पिन केसभर पुढं ओढायची, ओढली जास्त की मोडली. कॅसेटच्या पट्टीला साधं खोडरबर. यूट्यूब बघून लोक तिथं सॅंडपेपर मारतात आणि मुलामा घालवून माझ्याकडं येतात.

शनिवारी दोघं आले. चौसष्ट गेमांची कॅसेट घातली, चौदा इंचीवर तीच बारीक चाकं फिरवली, आणि रंगीत चित्र आलं. गाणं सुरू झालं तसे मिस्त्री स्टुलावरून उठले. "ह्योच. ह्योच वेग."

मुलगा म्हणाला, "मला सेमच वाटतंय."

म्हणून मोजलं. मारिओच्या पडद्यावर वेळ ४०० पासून उलटी उतरते. ते सेकंद नव्हेत. चोवीस चित्रं सरकली की एक आकडा कमी होतो. सुरुवातीला मारिओ जागेवर उभा ठेवला तर अंगावर काही येत नाही. आपण पुढं सरकल्याशिवाय शत्रू निघतच नाही. आकडा १०० वर आला की घाईचं संगीत वाजतं. म्हणजे ४०० ते १००, बिनचूक घड्याळ हाताशी आहे. स्टॉपवॉच मुलाच्याच मोबाईलमध्ये लावायला सांगितलं. नवा डबा: दोन मिनिटं. जुनं मशीन: दोन मिनिटं चोवीस सेकंद.

मुलानं आता मोबाईल खिशात घातला. "पण आवाज तर जाड झाला नाही," तो म्हणाला. बरोबर प्रश्न विचारला पोरानं, पॉलिटेक्निकची फी अगदीच वाया जात नाहीये. टेप हळू फिरली की आवाज घोगरा होतो. इथं तसं होत नाही, कारण या चिपेचं घड्याळ जवळपास जपानी वेगानंच चालतं, फरक शंभरात एकाचा. फक्त गेमचं पाऊल प्रत्येक चित्रामागं एक पडतं. तिकडं सेकंदाला साठ पावलं, इकडं पन्नास. सूर तोच, लय उतरलेली. म्हणूनच इतकी वर्षं कुणाला काही खटकलं नाही. युरोपातही टीव्ही ५० चेच. तिथं कंपनीनं मारिओ विकताना वेग आणि संगीत बदलून भरपाई केली. आमच्या नकली कॅसेटमध्ये जपान-अमेरिकेचाच मारिओ जसाच्या तसा भरलेला, त्याची भरपाई कोण करणार?

मग मुलगा खेळायला बसला. नव्या डब्यावर बापाला हसत दोन वर्ल्ड पार केलेला पोरगा. पहिल्या खड्ड्याशी आला, उडी मारली, आणि कडेच्या अलीकडंच उतरला. दुसऱ्यांदा कडेला टेकून खाली. "लॅग आहे हो याच्यात! कसं खेळायचं असल्या स्लोवर?"

मिस्त्रींनी त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. "वय झालंय तुझं," म्हणाले, आणि तो खड्डा, पुढचा खड्डा, झेंडा, असं न थांबता पार करत गेले.

त्यांची मूळ मागणी शिल्लकच होती: नवा डबा हळू करा. तो होत नाही. लोक म्हणतात क्रिस्टल बदलला की झालं. त्या थेंबाखाली एकाच घड्याळावर सगळं लटकलेलं असतं, चित्राच्या ओळी, रंग, आवाजाचा सूर. क्रिस्टल हळू लावला तर सूर खाली जातो, रंग जातो, टीव्हीला ओळी जुळवता येत नाहीत. कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ५० चा पर्याय मिळतो, तो सांगितला. मिस्त्रींनी कॉम्प्युटर हा शब्द ऐकूनच मान हलवली. शेवटी जुन्याच मशीनमधून, चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरच्या आधी, व्हिडिओ काढला, एक ट्रान्झिस्टर टाकून पिवळ्या पिनेवर आणला. आता घरच्या एलईडीवर लागतं. अडॅप्टरला लाल टेप गुंडाळून दिली, दुसरं काही लावायचं नाही म्हणून बजावलं.

बिल करताना म्हणाले, "मालक, त्यात लिवा. जुनं पन्नास, नवं साठ, गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर." तसंच लिहिलं, खाली शिक्का मारला. भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला असणार. पैसे पूर्ण दिले, घासाघीस केली नाही, हे दुकानात क्वचित घडतं.

पण मला या प्रकरणानं एक काम लावून दिलंय. सहावीत असताना मी आठव्या वर्ल्डचा शेवटचा राजवाडा पार केला होता. गल्लीत तेवढं कुणालाच जमलं नव्हतं आणि त्या सुट्टीत माझा नंबर कुणी चुकवत नव्हता. आता हिशेब असा निघतो की प्रत्येक उडीला मला जपानी पोरापेक्षा पाचवा हिस्सा जास्त वेळ मिळत होता. दुकान बंद केल्यावर साठवर खेळून बघितलं. आठव्या वर्ल्डच्या पहिल्याच लेव्हलला घाईचं संगीत वाजलं आणि खेळ संपला. मिस्त्रींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "जॉब कुठल्या स्पीडला काढला ते कोण इचारतंय? माप बसलं ना?" मला हे पटलेलं नाही. पटायला हवं होतं, पण नाही. साठवर तो राजवाडा एकदा तरी काढायचाय.

दरम्यान मिस्त्रींना माळ्यावर बंदूकही सापडलीय, बदकं मारायची. ती एलईडीवर चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो प्रकाश त्याच क्षणी शोधतो. काचेच्या ट्यूबवर ते जमतं. एलईडी चित्र दाखवायला उशीर करतो, तोवर बंदुकीनं नेम चुकला असं ठरवलेलं असतं. हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यो टेबलाखालचा चौदा इंची केवढ्याला देताय?"

देणार नाही म्हणून सांगितलंय. काल पुन्हा फोन होता.