बॅटरसी पार्क : एका गुणावर ठरलेला हंगाम

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून दक्षिणेकडची लोकल पकडली की थेम्सचा पूल ओलांडल्यावर पहिलंच स्टेशन लागतं ते बॅटरसी पार्क. पूल संपत आला की डावीकडे विटांचं ते अजस्र वीजकेंद्र दिसतं. कोळसा जाळून लंडनला वीज पुरवणारं हे केंद्र १९८३ मध्ये बंद झालं. आम्ही गेलो तेव्हा, म्हणजे जून २०१५ मध्ये, त्याच्या चिमण्या उतरवून पुन्हा बांधायचं काम चालू होतं. उजवीकडे, रुळांना लागूनच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बाग. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींच्या पहिल्या जागतिक हंगामाचा शेवट याच बागेतल्या रस्त्यांवर, २७ आणि २८ जूनला होणार होता.

फॉर्म्युला ईचा हा हंगाम १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगमध्ये सुरू झाला. तिथून पुत्राजाया, पुंता देल एस्ते, ब्युनोस आयर्स, मायामी, लाँग बीच, मोनॅको, बर्लिन, मॉस्को असं करत तो लंडनला आला. दहा शहरं, अकरा शर्यती. मी नाशिकची. वडिलांची सगळी नोकरी सातपूरच्या महिंद्रात झाली, त्यामुळे दहा संघांच्या यादीत महिंद्राचं नाव वाचल्यापासून आमच्या घरी या हंगामाची चर्चा होती. बीजिंगला महिंद्राचा चालक करुण चंडोक पाचवा आला त्या दिवशी बाबांनी शेजारच्या काकांना हाक मारून सांगितलं होतं. लंडनला माझा आतेभाऊ राहतो. शेवटच्या शर्यतींच्या तारखा बघूनच मी त्याच्याकडे जायचं ठरवलं.

आता गाडीबद्दल. महिंद्राच्या संघाची गाडी महिंद्रानं बनवलेली नव्हती आणि व्हर्जिनच्या संघाची व्हर्जिननं. पहिल्या हंगामात सगळ्यांना एकच गाडी होती : स्पार्क-रेनॉ. सांगाडा इटलीच्या दल्लाराचा, मोटर मॅक्लारेनची, बॅटरी विल्यम्सच्या अभियांत्रिकी कंपनीची, टायर मिशलिनचे. टायरसुद्धा एकाच प्रकारचे, ऊन असो की पाऊस. चालकासकट वजन ९०० किलोच्या आत, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत. २० चालक आणि ४० गाड्या, कारण एका बॅटरीत अख्खी शर्यत निघत नसे. प्रत्येकाला दोन गाड्या. अर्ध्यावर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला संघाच्या थांब्यावर, यायचं, पट्टे सोडून खाली उडी मारायची, शेजारच्या भरलेल्या गाडीत बसायचं. सगळ्या संघांचे तळही इंग्लंडमध्ये डॉनिंग्टन पार्कला एकाच जागी होते.

मला हे फार आवडायचं आणि आजही मी ठासून सांगते की तो हंगाम नंतरच्या कित्येक हंगामांपेक्षा सरस होता. सगळ्यांचं यंत्र सारखं असलं की बघणाऱ्याला माणूस दिसतो. प्रत्येक गाडीला शर्यतीत वापरायला २८ किलोवॉट-तास वीज. ती कुठे खर्चायची आणि कुठे राखायची, हे चालकाच्या पायावर आणि रेडिओवरून त्याला आकडे सांगणाऱ्या इंजिनियरवर. पहिल्या सहा शर्यतींना सहा वेगवेगळे विजेते मिळाले ते उगीच नाही.

शनिवारी आम्ही साधं तिकीट घेऊन आत गेलो. चिनाराच्या जातीच्या उंच झाडांखालून जाणारा रस्ता, एरवी लोक तिथे कुत्री फिरवतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, वर जाळी. रस्ता इतका अरुंद की एका गाडीनं दुसरीला गाठायचं तर जागा कुठून आणायची, असा प्रश्न पडावा. पहिल्या वळणापाशी रस्त्याला उंचवटा होता. सरावात गाड्या त्यावरून अशा आपटत होत्या की शनिवारची शर्यत सेफ्टी कारच्या, म्हणजे पुढे राहून सगळ्यांचा वेग रोखणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेनं सुरू करावी लागली.

आवाजाबद्दल लोक मला अजून विचारतात. पेट्रोलच्या शर्यतीसारखी कानठळी बसत नाही, हे खरं. पण गाडी जवळ आली की आधी बारीक शिट्टीसारखा चढत जाणारा सूर येतो, मग टायरचा करकर आवाज, आणि गाडीचं तळ रस्त्याला घासल्याचा खरखरीत दणका. जाळीला चिकटून उभं राहिलं की एक गोष्ट नजरेत भरते. वळण अजून बरंच पुढे असताना तो सूर एकदम पडतो. चालकानं पाय काढलेला असतो, ब्रेक अजून लावलेला नसतो, गाडी नुसती वाहत येते. तेवढी वीज वाचली. मागचा जर थोडा उशिरा पाय काढत असेल तर तो जवळ येतो, पण त्याची बॅटरी उतरते. हा हिशेब कानानं ऐकता येतो, हे मला टीव्हीवर कधीच कळलं नव्हतं. दोन-चार लॅपनंतर आतेभाऊ डोळे मिटून सांगायला लागला, ‘ताई, हा वाचवतोय. हा उडवतोय.’

या गाड्या चार्ज होत होत्या त्या ग्लिसरिनवर चालणाऱ्या जनरेटरवर. बायोडिझेल बनवताना जे ग्लिसरिन उरतं, तेच.

शनिवारी सेबास्टियन ब्युएमी पहिल्या क्रमांकावरून सुटला आणि पहिलाच आला. नेल्सन पिके ज्युनियर पाचवा. त्यामुळे रविवारी सकाळी पिके १३८, ब्युएमी १३३, लुकास दी ग्रासी १२५ असे हंगामाचे एकूण गुण होते. दी ग्रासीचा बर्लिनचा विजय पुढच्या पंखात केलेल्या बदलामुळे रद्द झाला होता. सगळ्यांना सारखी गाडी असताना तिला हात लावलेला चालत नाही. तो विजय राहिला असता तर अजिंक्यपद त्याचंच होतं.

रविवारी पाऊस आला. शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत तेव्हा चालक पाच-पाचच्या गटांनी उतरायचे, गट चिठ्ठ्यांनी ठरायचे, आणि पिकेच्या वाट्याला ओला ट्रॅक आला. तो थेट सोळावा. ब्युएमी सहावा. आमच्या आसपासचे लोक म्हणत होते, संपलं, ब्युएमी जिंकला.

शर्यत कोरड्या रस्त्यावर झाली. पिके एकेक जागा वर सरकत होता. संघातला साथीदार ऑलिव्हर टर्वी यानं त्याला वाट करून दिली. ब्युएमीकडे तरीही सगळं होतं. मग गाडी बदलून पिटमधून बाहेर पडताना थंड टायरवर त्याची गाडी गरकन फिरली. सावरून तो पुढे निघेपर्यंत महिंद्राचा ब्रुनो सेना त्याच्या पुढे गेला होता.

इथून शेवटपर्यंत मी जागची हलले नाही. पिके जिथे होता तिथेच राहिला, तर ब्युएमीला अजिंक्यपदासाठी फक्त एक गाडी मागे टाकायची होती आणि ती गाडी महिंद्राची होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर ब्युएमीचं नाक सेनाच्या मागच्या चाकांना लागलेलं. आमच्यासमोरून दोघं जायचे तेव्हा मधे हातभराचं अंतर. ब्युएमी आतून बघायचा, सेना आतली बाजू बंद करायचा. बाहेरून बघायचा, कठडे आड यायचे. सेनाला अजिंक्यपदाशी काही देणंघेणं नव्हतं. तो स्वतःच्या संघासाठी स्वतःची जागा राखत होता, आणि ती त्यानं शेवटच्या वळणापर्यंत राखली.

मोटर शर्यतींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या अंगावर काटा येईल असं काही त्या रस्त्यावर चाललं होतं. ब्रुनो हा आयर्टन सेनाचा भाचा. पिके ज्युनियर हा नेल्सन पिकेचा मुलगा. आणि ब्युएमीचा संघ होता अ‍ॅलन प्रॉस्टचा. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये एकमेकांशी उभा दावा मांडलेली ही तीन नावं, आणि आयर्टनच्या भाच्यानं प्रॉस्टच्या गाडीला अडवून धरल्यामुळे पिकेचा मुलगा अजिंक्य होत होता.

सर्वांत पुढे व्हेन्तुरीचा स्टेफान साराझँ होता. त्यानं रेषा ओलांडली, पण ठरलेल्यापेक्षा जास्त वीज वापरून. त्याला वेळेचा दंड झाला, तो थेट मागे फेकला गेला आणि विजय इंग्लंडच्या सॅम बर्डला मिळाला. सगळे एकेक जागा वर सरकले. सेना चौथा, ब्युएमी पाचवा, पिके सातवा. पिके १४४, ब्युएमी १४३. सेनाला मागे टाकलं असतं तर ब्युएमीचे १४५ झाले असते. घरच्या चालकाचा विजय म्हणून इंग्रज प्रेक्षक आनंदात होते, ब्राझीलचे झेंडे नाचत होते. ब्युएमी सेनावर भयंकर चिडला. त्याचा राग समजण्यासारखा होता, पण माझ्या मते सेनाचं काहीच चुकलं नाही. आपल्या जागेसाठी लढू नये असं कोणाला कसं सांगणार?

चेल्सी पुलाकडे चालत असतानाच मी नाशिकला फोन लावला. तिकडे रात्र बरीच झाली होती, पण बाबा जागे होते. ‘आपला कितवा आला?’ हा पहिला प्रश्न. चौथा, म्हटलं. ‘पोडियमला एकच जागा कमी पडली गं!’ अजिंक्यपद कोणाच्या हातून कसं निसटलं, ते मी त्यांना पूल संपेपर्यंत सांगत होते आणि ते मधेमधे पुन्हा सेनाकडेच वळत होते. गाडी आपली नव्हती ना बाबा, मी म्हटलं. ‘माणसं तर आपली होती,’ ते म्हणाले, ‘गाडीही होईल.’

दुसऱ्या हंगामापासून नियम बदलले. सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांना सारखी राहिली, मोटर आणि तिच्याभोवतीची यंत्रणा मात्र कंपन्यांना स्वतःची करता आली. महिंद्रानं ती केली, आणि जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टनं संघाला पहिला विजय मिळवून दिला. बॅटरसीत २०१६ नंतर शर्यत झाली नाही. बाग वापरू देण्याला आसपासच्या रहिवाशांचा विरोध होता. त्यांची बाजूही मला पटते, कारण शर्यतीची मांडामांड आणि आवराआवर धरून ऐन उन्हाळ्यात बागेचा मोठा भाग अडून राहायचा. २०२१ मध्ये लंडनची शर्यत एक्सेलच्या प्रदर्शन केंद्रात परतली. तिथे ट्रॅकचा काही भाग चक्क छपराखालून जातो. तिथे मला अजून जायचंय.