तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या नावातली पेज

आमच्याकडे मिनियापोलिसला भारतातून कुणीही राहायला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. मुलगा शाळेतून घरी येतो, अंगातल्या हुडीवर जस्टिस पेज मिडल स्कूल असं ठळक लिहिलेलं असतं, आणि पाहुणे विचारतात, हे पेज कोण? गेल्या वर्षी कुडाळहून आत्या आली होती, तिनं चष्मा सरळ करून ते वाचलं आणि म्हणाली, "काय रे, शाळेक पेजेचा नाव कित्या?" आता कोकणातल्या माणसाला पेज म्हटलं की उकड्या तांदळाची गरम पेज आणि बाजूला खारातली मिरची हेच आठवणार, त्यात तिची चूक नाही. मी हसलो आणि सांगायला बसलो आणि नेहमीसारखा पहिल्याच वाक्यात अडकलो.

अडकलो कारण आपली भाषा. मराठीत खेळाडू 'तो' असतो आणि न्यायाधीश 'ते' असतात. गावस्कर आउट झाला, पण न्यायमूर्ती रानडे म्हणाले. आणि हा माणूस दोन्ही आहे. अ‍ॅलन पेज हा अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल होता आणि अ‍ॅलन पेज हे मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. (इथं प्रत्येक राज्याचं आपलं सुप्रीम कोर्ट असतं, साधारण आपलं हायकोर्ट समजा.) तर मी आपलं ठरवलंय की मैदानावर असेपर्यंत 'तो', पुढचं पुढे बघू.

जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कँटनचा. कँटन म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, आजूबाजूची माणसं सकाळी गिरणीत शिरायची आणि संध्याकाळी काळी होऊन बाहेर पडायची, तेच काम रोज, वर्षानुवर्षं. या पोरानं चौथीत असतानाच ठरवलं होतं की आपल्याला हे करायचं नाही, आपण वकील व्हायचं. फुटबॉल नंतर आला. हे मी मुद्दाम सांगतो कारण लोक ही गोष्ट नेहमी उलटी सांगतात, की बघा फुटबॉल खेळणारा माणूस जज झाला, केवढं आश्चर्य. वकिली आधी डोक्यात होती, फुटबॉल मध्ये आला आणि १५ वर्षं बसला.

आता डिफेन्सिव्ह लाइनमन (टॅकल हा त्यातलाच एक) म्हणजे काय हे आत्याला कसं सांगायचं? कबड्डीवरून सांगितलं. बघ, समोरच्या टीमकडे बॉल आहे, त्यांचा क्वार्टरबॅक मागे उभा राहून तो फेकणार. त्याला वाचवायला पुढे पाच दांडगे गडी भिंत करून उभे. आपले चार जण त्या भिंतीसमोर वाकून, एक हात जमिनीवर टेकून बसलेत. बॉल हलला रे हलला की तुम्ही त्या भिंतीतून घुसायचं आणि बॉल सुटायच्या आत त्या क्वार्टरबॅकला आडवा करायचा. हातात असतात तीन-चार सेकंद, तेवढंच. मग उठायचं, परत वाकायचं, परत तेच, मॅचभर पन्नास-साठ वेळा. टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष बॉलकडे असतं, मधल्या ढिगाऱ्यात कोणी कोणाची मान पिरगाळली हे कुणाला दिसत नाही. टॅकल तर अगदी मधला माणूस, त्याच्यावर बऱ्याचदा दोघं एकदम पडतात.

पेज सहा फूट चार इंच, वजन ११० किलोच्या आसपास, म्हणजे त्या काळातसुद्धा या जागेसाठी हलकाच. त्याचं सगळं भांडवल म्हणजे सुरुवात. समोरच्या भिंतीतला गार्ड अजून उठतोय तोवर हा त्याच्या खांद्याजवळून निघून गेलेला असायचा. नोत्र दाम युनिव्हर्सिटीकडून खेळताना १९६६ ची कॉलेजांची नॅशनल चॅम्पियनशिप, १९६७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच राउंडला इथल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक टीमनं घेतला. तिथं कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि हा अशी चौकडी जमली, जर्सी जांभळी म्हणून नाव पडलं पर्पल पीपल ईटर्स. त्यांचं आपसातलं घोषवाक्य होतं की क्वार्टरबॅकपाशी भेटू. १९६९ ला या टीमनं १४ मॅचमध्ये मिळून फक्त १३३ पॉइंट दिले.

१९७१ ला तर कहर झाला. डेट्रॉइटविरुद्धच्या एका मॅचमध्ये पंचांनी त्याच्यावर दिलेल्या पेनल्ट्या त्याला पटल्या नाहीत, आणि पुढचे काही प्ले, म्हणजे डाव, त्यानं जो धुमाकूळ घातला त्याची जुनी फिल्म बघायला मिळते, जरूर बघा, समोरचे लोक नुसते बाजूला उडत होते. त्या वर्षी अख्ख्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) तो झाला. हा मान नेहमी बॉल फेकणाऱ्याला किंवा घेऊन पळणाऱ्याला मिळतो, डिफेन्समधल्या माणसाला तोपर्यंत कधीच मिळाला नव्हता, आणि त्याच्यानंतरही आजवर एकदाच मिळालाय, १९८६ ला लॉरेन्स टेलरला.

सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, मात्र जिंकली नाही. चार वेळा फायनलला गेले आणि चारही हरले, कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड. व्हायकिंग्जचा फॅन म्हणजे काय दुःख असतं ते इथं येऊन राहिल्याशिवाय कळत नाही, पण तो विषय काढला की माझी बायको उठून जाते, म्हणून पुढे जातो.

आत्याला आम्ही मॉल ऑफ अमेरिकाला नेलं, भारतातून आलेल्या माणसाला तिथं न नेणं म्हणजे गुन्हाच. आत झुले-पाळण्यांचा पार्क आहे ना, तिथं जमिनीत एक पाटी बसवलीये, बेसबॉलच्या होम प्लेटची. कारण या मॉलच्या जागी आधी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं आणि १९८१ पर्यंत व्हायकिंग्जसुद्धा तिथंच खेळायचे. उघडं मैदान, वर छप्पर नाही, डिसेंबरात उणे तापमान आणि कोच बड ग्रँटचा नियम असा की साइडलाइनला हीटर लावायचा नाही, थंडी ही डोक्यात असते वगैरे. आत्या स्वेटरवर शाल घेऊन एसीत बसली होती, तिला मी म्हटलं, इथंच तो खेळायचा. तिनं आजूबाजूला किंचाळणारी पोरं बघितली आणि म्हणाली, हीटर नाय? मेल्यांका कळणा नाय काय?

आता ती अडचणीची वर्षं. खेळत असतानाच पेजनं लॉ स्कूल धरलं. एकदा आधी, करिअरच्या सुरुवातीला, नाव घालून तीन आठवड्यांत सोडलं होतं. दुसऱ्यांदा मात्र युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटात नेटानं शिकला, वर्गात केस वाचायच्या आणि रविवारी माणसं पाडायची. १९७८ ला डिग्री घेतली. म्हणजे त्या वर्गातल्या बाकावर बसलेल्या माणसाला 'तो' म्हणायचं की 'ते', सांगा तुम्हीच. याच सुमारास बायकोला सिगरेट सोडायची होती, तिला सोबत म्हणून तोही पळायला लागला आणि त्याला पळण्याचं असं वेड लागलं की वजन उतरून १०० किलोच्या जवळ आलं. लाइनमननं वजन घालवणं म्हणजे टीमच्या दृष्टीनं पापच. व्हायकिंग्जना वाटलं आता हा कामाचा राहिला नाही आणि १९७८ च्या सीझनमध्येच त्यांनी त्याला सोडून दिलं. शिकागो बेअर्सनी उचलला. किती पैशात? वेव्हर फी, म्हणजे सोडलेला खेळाडू उचलायचं शुल्क, १०० डॉलर. लीगचा माजी एमव्हीपी, शंभर डॉलर. आणि तो पुढे १९८१ पर्यंत खेळला, मध्ये १९७९ ला मॅरेथॉनही पूर्ण केली, लीगमध्ये खेळत असताना असं करणारा तो पहिलाच. एकूण १५ सीझन, २१८ मॅच, एकही चुकवली नाही.

गंमत म्हणजे क्वार्टरबॅकला पाडण्याची, म्हणजे सॅकची, अधिकृत मोजणी लीगनं १९८२ ला सुरू केली. हा १९८१ ला निवृत्त. जुन्या फिल्म आणि कागद बघून नंतर लोकांनी जो हिशोब लावला तो १४८.५ येतो, पण अधिकृत खात्यात शून्य.

खात्यात नसलं तरी हातावर आहे. त्याच्या डाव्या हाताची करंगळी खेळताना इतक्यांदा निखळली की ती आता सरळ बाहेरच्या बाजूला वळलीये, जवळजवळ काटकोनात. पेजनी मुलीबरोबर लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिलीत, त्यातलं एक या करंगळीवरच आहे. आमच्या मुलानं ते लायब्ररीतून आणलं होतं आणि जेवताना स्वतःची करंगळी तशी वाकवून बघत होता, वरणभात गार झाला पण बोट काही वाकेना.

कँटनचं एक राहिलंच. फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, त्याच्याच गावात आहे आणि ती इमारत उभी राहत होती तेव्हा शाळकरी पेज तिथं मजुरीला होता. १९८८ ला त्याच इमारतीत त्याचा सत्कार. तिथं ओळख करून द्यायला लोक आपला कोच आणतात, यानं एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला आणलं. आणि भाषणात फुटबॉल कमी आणि वाचन जास्त. टीमच्या मीटिंगमध्ये कोचनं एकेकाला प्लेबुक (डाव लिहिलेली वही) मोठ्यानं वाचायला सांगितलं तेव्हा कॉलेजातून आलेल्या काही खेळाडूंना ते वाचताच येईना, हे त्यानं त्या व्यासपीठावर सांगितलं. त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं, ते स्कॉलरशिप देतं पण अट अशी की घेणाऱ्यानं लहान मुलांना वेळ द्यायचा. मला ही अट चेकपेक्षा महत्त्वाची वाटते.

पुढे आधी वकिली आणि मग राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसात नोकरी. सुप्रीम कोर्टाची जागा इथं निवडणुकीनं भरते. १९९२ ला पेजना उभं राहायचं होतं, पण गव्हर्नरनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदतच वाढवून दिली, म्हणजे निवडणूकच नाही. मग पेजनी त्यावर दावा ठोकला. आता त्या कोर्टाचे न्यायाधीश आपल्याच सहकाऱ्याचा निकाल कसा देणार, म्हणून बदली न्यायाधीश बसवले, त्यांनी निवडणूक घ्या म्हणून सांगितलं आणि पेज निवडून आले. मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ७० वर्षं पूर्ण झाली की उतरावं लागतं, म्हणून २०१५ ला उतरले. (बघा, 'ते' कधी सुरू झालं मला कळलंसुद्धा नाही.)

आणि शाळा. आधी तिचं नाव होतं अलेक्झांडर रॅमसी, राज्याचा जुना गव्हर्नर, ज्यानं १८६२ ला जाहीर म्हटलं होतं की डकोटा लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, संपवा नाहीतर राज्याबाहेर कायमचं हाकला. शाळेतल्या पोरांनीच हे नाव नको म्हणून उचलून धरलं, आणि २०१७ पासून जस्टिस पेज.

मध्यंतरी आत्याचा व्हिडिओ कॉल आला, शेजारची काकू बाजूला बसली होती. मुलाची हुडी बघून काकूनं विचारलं, ह्या पेज म्हणजे काय गो? आत्यानं माझ्याकडे बघितलं पण नाही, स्वतःची करंगळी कॅमेऱ्यासमोर धरून दुसऱ्या हातानं आडवी ओढली आणि म्हणाली, "वाकड्या बोटाचो जज. थांब, सांगतंय."