आमची वाटचाल: उटण्याच्या पोत्यांतून निघालेली 'शेकोटी'

'शेकोटी' हे आमचं थंडीतलं अत्तर. त्याआधी आमच्या दुकानात अत्तर कधीच नव्हतं. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या बोळात आजोबांनी काष्ठौषधीचं दुकान टाकलं, तेव्हापासून हिरडा, बेहडा, सुंठ, वावडिंग, मसाल्याचे जिन्नस आणि दिवाळी आली की उटणं, एवढाच आमचा पसारा. उटण्याचं प्रमाण आईच्या हातात. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, जटामांसी, वाळा, संत्र्याची साल. तराजू ती गिऱ्हाइकापुढेच काढते. स्वतःपुरतं तिला मूठ आणि नाक पुरतं.

अण्णा (वडील) गेले आणि गल्ला माझ्याकडे आला, तोवर उटण्याची तयार पाकिटं प्रत्येक किराणा दुकानात माळेसारखी लटकायला लागली होती. आमचं उटणं घेणाऱ्या बायका ठरलेल्या. त्यांचे नवरे मात्र पायरीवर उभे राहून मोबाइल बघायचे. ह्या माणसांना विकण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही, हे मला रोज दिसायचं आणि रोज खटकायचं.

२०१६च्या नोव्हेंबरात मी अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला गेलो. अत्तराचं काही डोक्यात नव्हतं, गुलाबपाणी घाऊक भावात मिळतंय का ते बघायचं होतं. नाशिकरोडहून कानपूर, पुढे बस. गुलाबाचा हंगाम तेव्हा नसतो हेही मला तिथे गेल्यावर कळलं! पण एका भट्टीवर काम चालू होतं म्हणून आत डोकावलो. तांब्याची डेग चुलीवर, झाकणाच्या सांध्याला माती आणि कापूस लिंपलेला. सुतळीने गुंडाळलेला बांबूचा चोंगा डेगेतून निघून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात उतरलेला. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ त्यात येऊन गार होते, सुगंध तेल धरून ठेवतं आणि खाली बसलेलं पाणी काढून पुन्हा डेगेत ओततात. तापमापक कुठेच नाही. कारागीर मधूनमधून भपक्याला हात लावायचा आणि चुलीतलं एखादं लाकूड मागे ओढायचा.

डेगेत काय आहे विचारलं तर म्हणाला, शमामा. थंडीचं अत्तर. मग शेजारच्या पोत्यात हात घालून त्याने काळपट, चुरचुरीत असं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. "छड़ीला." मी नाकाशी नेलं आणि हसायलाच आलं. दगडफूल! आमच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल. पुढच्या पोत्यात नागरमोथा, त्यापुढे जटामांसी, कपूरकाचरी, जायपत्री, लवंग. हजारावर किलोमीटर रेल्वेने येऊन मी आमच्याच माळ्यावर उभा होतो.

एक तोळा घेऊन आलो. आईने बोटावर थेंब घेतला, डोळे मिटले. "अरे, हे तर आपलं उटणं. कुणीतरी त्यात काळा मसाला भाजलाय." रात्री जेवताना पुन्हा हात हुंगला आणि म्हणाली, "जड आहे पण. आपल्याकडची पोरं नाही लावायची."

तिचं खरं होतं. अस्सल शमाम्याला औषधी दर्प असतो, नव्या माणसाला तो वैद्याच्या खोलीसारखा वाटतो. आम्ही ठरवलं की पाया शमाम्याचाच ठेवायचा, पण वर जायफळ, वेलदोडा आणि लवंग येऊ द्यायची. आमची स्वतःची भट्टी नाही, हे इथेच सांगून टाकतो. शमामा कन्नौजहून येतो. इथे होतं ते मिसळणं आणि मुरवणं. वाळा आईने पहिल्याच दिवशी बाजूला काढला. "तो माठातला. थंडीत कशाला?"

स्पिरिटचा स्प्रे करा म्हणून बऱ्याच जणांनी सुचवलं. स्पिरिट आलं की उत्पादन शुल्काचे कागद आले, आणि ज्वलनशील म्हणून विमानाने साधं पार्सल जात नाही. पण खरं कारण वेगळं. गारठ्यात वास उडतो हळू. लिंबू-पुदिन्याचे हलके वास मे महिन्यात मजा आणतात, जानेवारीत मात्र मिळमिळीत वाटतात आणि घटकाभरात संपतात. मसाला, राळ, चंदन ही जड मंडळी अंगाच्या उबेवर सावकाश सुटतात, तेलातून तर आणखी सावकाश. मे महिन्यात हेच अत्तर लावून सिटी बसमध्ये बसाल तर शेजारचा उठून जाईल. म्हणून आम्ही ते होळीनंतर विकत नाही. मागितलं तरी नाही.

नाव निफाडला मिळालं. थंडीत पारा सगळ्यांत खाली कुठे गेला, अशी बातमी आली की निफाडचं नाव असतंच. तिथे मित्राची द्राक्षबाग आहे. कडाका पडला की पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या मफलरला नमुना लावला होता. पहाटे धुरात उभा राहून तो मफलर हुंगत म्हणाला, "शेकोटीजवळ कुणीतरी मसालेदूध उकळतंय असं वाटतंय." दगडफुलाला स्वतःचाच थोडा धुरकट, ओल्या लाकडाचा वास असतो, त्यामुळे खरा धूर कुठे संपतो आणि अत्तर कुठे सुरू होतं ते कळेना. 'शेकोटी' तिथेच ठरलं.

आता चूक. पहिल्या घाण्यात मी आईला न विचारता दालचिनीच्या सालीचं तेल घातलं, आणि तेही सढळ हाताने. वास असा उठला की मीच माझ्यावर खूश. ६० बाटल्या भरल्या. आठवड्याभरात एक जुनं गिऱ्हाईक मान वाकडी करून दुकानात आलं. कॉलरखाली लालभडक चट्टा! त्या सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड भरपूर असतं आणि ते कातडीला चावतं. तेल विकणारे हे सांगत नाहीत, आणि मीही विचारलं नव्हतं. विकलेल्या ५२ पैकी ४१ बाटल्या फोन करकरून परत आणल्या, पैसे दिले. आई इतकंच म्हणाली, "बुंद से गई वो हौद से नहीं आती." त्यानंतर सालीचं तेल बंद. लवंगेच्या तेलातही तसंच चावणारं युजेनॉल असतं, तेव्हा तीही मोजूनमापून. आता प्रत्येक घाणा आधी माझ्या मनगटावर चोवीस तास राहतो, मग बाटलीत जातो.

परवाना, लेबल, जीएसटी यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लागतं ते सगळं करून घेतलं.

२०२१च्या एप्रिलमध्ये आईला कोरोना झाला. ताप चार दिवसांत गेला, वास गेला तो गेलाच. नाक हीच जिची वही, तिला हिंग आणि हळद एकसारखी. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायला सांगितले: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. आमच्या दुकानात चारही होते. ती ओट्यापाशी चार वाट्या मांडून बसायची, शाळेतल्या मुलीसारखी. सातव्या आठवड्यात लवंग आली. गुलाब दोन महिन्यांनी. नागरमोथा आला तो जळक्या रबरासारखा, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. त्या वर्षी 'शेकोटी' काढली नाही. लिहून ठेवलेलं प्रमाण माझ्याकडे होतं, पण पुरे म्हणणारं कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी नागरमोथा बऱ्यापैकी सुधारला. अजूनही ती त्याच्या बाबतीत मला विचारते, हे मात्र नवीन.

आज १० मिलीच्या बाटलीमागे सगळ्यांत मोठा खर्च चंदनाचा. अस्सल तेलाचा किलोचा भाव लाखांत आहे. स्वस्त अत्तरात त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात; आम्हीही एकदा करून पाहिलं, तासाभरात वास पसरट झाला. म्हणून बाटली महाग आहे आणि मोठी करणार नाही. कानामागे एक ठिपका, मनगटावर एक, चोळायचं नाही. स्वेटरला किंवा मफलरला लावलंत तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं. पांढऱ्या शर्टाला लावू नका, डाग जात नाही. लेबलवर 'पुरुषांसाठी' लिहिलंय खरं, पण आई स्वतःच्या शालीला लावते.

यंदाचा घाणा श्रावणात मिसळला. मागच्या आठवड्यात आईने पदराला ठिपका लावून दुपारभर वावरून पाहिलं. संध्याकाळी म्हणाली, "लवंग अजून पुढे पुढे करतेय. मुरू दे." तेव्हा बाटल्या मार्गशीर्षात भरू. दिवाळीला येणाऱ्यांसाठी उटणं तयार आहे.