तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत घोडी माजावर का येत नाही?

अकलूजच्या दिवाळीच्या बाजारातून घोडी आणली, पौष आला तरी माजावर नाही. वांझ तर पदरात पडली नाही ना? सोलापूर भागातले घोडेवाले दर हिवाळ्यात हे विचारतात. बहुतेक घोड्या वांझ नसतात. पण आधी ती गाभण नाही ना, ते बघा. बाजारातल्या घोडीला नर कधी दाखवला होता, हे विकणारा सांगेलच असं नाही. सोनोग्राफी करून घ्या. नुसत्या रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवर (गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकावर) निकाल लावू नका, कारण गाभणपणाच्या उत्तरार्धात ते इतकं उतरतं की घोडी रिकामी आहे असंच वाटावं.

रिकामी निघाली, तर कारण रात्रीच्या लांबीत आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र मोठी तसं ते जास्त वेळ रक्तात राहतं आणि माजाची साखळी सुरू करणारं मेंदूतलं संप्रेरक, जीएनआरएच, दबून जातं. मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच (बीज सोडायला लावणारं संप्रेरक) जवळजवळ येतच नाही आणि बीजांडकोश लहान, कडक होऊन बसतात. सोलापुरात सगळ्यात लहान दिवसही ११ तासांच्या वर असतो आणि सगळ्यात मोठा १३ तासांच्या थोडा वर. थंड देशांत हा फरक कितीतरी मोठा, म्हणून तिथल्या घोड्यांचा माज हिवाळ्यात पूर्ण बंद होतो. आपल्याकडे अंगावर मांस असलेली, हिरवा चारा मिळणारी घोडी थंडीतही माज दाखवू शकते. नुसत्या कडब्यावर राहिलेली, शिंगरू पाजणारी किंवा म्हातारी घोडी मात्र थांबते. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढं अंग हवं. त्यासाठी लसूणघास आणि थोडं धान्य हळूहळू वाढवत न्या. ज्वारीचे कोवळे, पाण्याअभावी सुकलेले फुटवे मात्र देऊ नका, त्यात विष असतं.

सगळ्यात जास्त पैसा आणि धीर वाया जातो तो माघ-फाल्गुनात. दिवस वाढू लागला की एफएसएच (बीजाचे फोड वाढवणारं संप्रेरक) आधी सावरतं, एलएच मागाहून. त्यामुळे मोठी फोलिकल्स, म्हणजे बीजाचे फोड, वाढतात, माज दाखवायला लावणारं इस्ट्रोजेन सोडतात आणि बीज न सोडताच विरतात. घोडी शेपटी वर धरते, थोडं थोडं मुतते, योनी उघडझाप करते, नरापुढे निमूट उभी राहते. हे दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त चालतं. मालक तीन-चारदा नर दाखवतो, घोडी ठरत नाही आणि दोष नराला जातो. या काळात प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देऊन काही उपयोग नाही. ते पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर बीजांडकोशात तयार होणारी गाठ, मोडतं आणि बीजच सुटलेलं नसल्यामुळे मोडायला पीतपिंड नसतो. घोडीला घाम फुटतो, पोट दुखतं, एवढंच. शिवाय गाभण घोडीला ते चुकून गेलं तर गर्भ जातो. सोनोग्राफीचा आग्रह त्यासाठीही आहे.

पहिल्यांदा बीज सुटलं की घडी बसते: साधारण २१ दिवसांचं चक्र, ५ ते ७ दिवसांचा माज, आणि माज संपायच्या आधी २४ ते ४८ तासांत बीज सुटतं. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड नर दाखवा, घोडी नराला नाकारेपर्यंत. सोनोग्राफीत फोलिकल ३५ मिलिमीटरच्या वर दिसलं, तर डॉक्टर एचसीजी (बीज सोडायला लावणारं इंजेक्शन) देऊ शकतात. मग बहुधा ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं.

लवकर हवं असेल तर दिव्याचा उपाय आहे. दिवस आणि दिवा मिळून १६ तास उजेड, सलग ६० ते ७० दिवस. डिसेंबरात सोलापुरात सहाच्या आत अंधारू लागतं, म्हणून साडेपाचला दिवा लावा आणि रात्री अकराला बंद करा. १२ बाय १२ फुटांच्या ठाणात २० ते २५ वॅटचा एलईडी पुरतो. कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. रात्रभर दिवा ठेवू नका, अंधाराचे तासही लागतात. वीज सारखी जात असेल तर बॅटरीची सोय करा, नाहीतर मेहनत फुकट जाते. काम होतंय की नाही, ते अंगावरून कळतं: खरारा करताना हिवाळी केस मुठीनं सुटू लागतात. मध्येच दिवा थांबवला तर घोडी पुन्हा बंद पडू शकते.

शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच हवं असतं; त्यांच्या मालकांना हा खटाटोप परवडतो. घरच्या घोडीसाठी मी तो सुचवत नाही. तिला खायला घाला आणि मार्च-एप्रिलच्या खऱ्या माजावर फळवा. गाभणपण साधारण ३४० दिवसांचं, म्हणजे शिंगरू पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. जूनमध्ये फळवली तर ते मे महिन्याच्या ऐन उन्हात, हिरवा चारा नसताना जन्मतं. आणि बीज सुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी चुकवू नका. जुळं असेल तर त्यातलं एक डॉक्टर तेव्हाच काढू शकतात. पुढे ते अवघड होत जातं आणि बहुतेकदा दोन्ही गर्भ जातात.