नाथसागरावर माशांची पोटं गोळा करताना

"पाणी रस्त्यापासून दहा मिनिटं," असं सांगणाऱ्यानं मे महिन्यातला नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, पाहिलेला नसणार. जलाशय रुंद आणि उथळ, भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर. पाणी हातभर उतरलं तरी काठ कुठल्या कुठे जातो. मागे उरते काळी माती. वरून भेगाळलेली, खपली फुटली की आत गुडघाभर गाळ. पाऊण तास लागला. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. गाळपेऱ्याच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावरच्या पिकांच्या, बांधाबांधानं जा, लांब पडलं तरी.

गेलो होतो शिकारी मासे काय खातात ते बघायला. भाच्याचा एमएस्सीचा प्रकल्प, गाडी माझी. पहिल्या दिवशी पैठणच्या बाजारात टबातल्या जिवंत मरळी बघून हुरळलो. सहा घेतल्या. पाच पोटं रिकामी, सहाव्यात नुसता पातळ रस. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून टबभर पाण्यात दिवस काढते. तोवर पोटातलं केव्हाच जिरलेलं! टबातली मरळ कालवणाला उत्तम, अभ्यासाला शून्य.

खरं हाती लागलं ते पहाटे, जाळं उपसताना. हातभर शिवडा, म्हणजे मिशाळ शिकारी मासा, तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. पोटात दोन चिलाप्या, दोन्ही डोक्याकडून गिळलेल्या. तशा गिळल्या की पाठीचे काटे मिटून आत जातात. एकीचं डोकं विरघळलेलं, शेपटीकडचे खवले मात्र शाबूत. शिवड्याचं आतडं अंगाहून आखूड. शेजारच्या शाकाहारी रोहूचं उलगडत बसलो तर संपेना.

पण जाळं संध्याकाळी टाकलेलं असतं. लवकर अडकलेल्याचं पोट पहाटेपर्यंत जिरतं, काही धडपडीत ओकूनही टाकतात. रिकामं पोट दिसलं की 'उपाशी मासा' असं वहीत लिहू नका.

आता पैशांचं. जाळंवाल्या कोळ्यानं एका पोटाला पहिल्या दिवशी दहा रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी तीस, तिसऱ्या दिवशी पन्नास.

"मामा, हे काय?" मी त्याला विचारलं.

"कुत्र्याला टाकायचो आम्ही. भाव तुम्हीच चढवला, सर."

खरंय. पहिल्याच दिवशी उक्ता सौदा करा, आणि घाई चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

मधला एक दिवस धरण आणि नाथमंदिर. बरा गेला.

नमुने टिकवायला फॉर्मालिन सोबत हवंच, त्या उन्हात पोटातला ऐवज लगेच ओळखेनासा होतो. बाटलीचं झाकण मात्र स्वतः आवळा, भाच्यावर सोपवू नका. गाडीतला वास अजून गेलेला नाही.